पदराला बांधलेल्या गोळ्या

खानदेशातून परतले तेव्हा आमच्या नगरच्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "भरीत खाल्लंस का?" खाल्लं. चांगलं चार वेळा खाल्लं आणि चारही वेळा घास घशाखाली उतरता उतरत नव्हता. यात भरताचा काही दोष नाही. तिकडच्या त्या हिरव्या, भल्यामोठ्या वांग्यांचं भरीत दुसरीकडे कुठे होत नसेल. दोष माझा होता आणि तो सांगायचा तर सगळा प्रवासच सांगावा लागेल.

मी नर्स आहे. नगरच्या एका दवाखान्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ दिनकर हाच माझा संसार. त्याला सातव्या वर्षापासून फिट येते. पहिली आली ती नाताळच्या उपासनेत, भर चर्चमध्ये. त्याचं डोकं फरशीवर आपटू नये म्हणून मी खाली बसून मांडी दिली. मनाने ती मांडी मी तेव्हापासून काढून घेतलेली नाही.

रोज एक गोळी घेतली की तो ठीक असायचा. शिकला, मास्तर झाला. एकदा दोन दिवस गोळ्या चुकल्या आणि वर्गात फळ्यासमोर पडला. पालकांनी ओरड केली, नोकरी गेली. त्यानंतर प्रार्थनासभा घेत हिंडणाऱ्या एका मंडळीबरोबर तो खानदेशात गेला आणि शिंदखेड्याजवळच्या एका गावात पास्टर होऊन राहिला. तिकडेच लग्न केलं. महिन्यातून दोन पत्रं यायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, त्या नाताळात आलेल्या पत्रात एवढंच होतं: "ताई, मी बरा झालो. प्रभूने मला हात लावला. दोन महिने झाले, गोळीला शिवलो नाही. आनंद कर."

मला आनंद झाला नाही. मला धडकी भरली. गोळ्या एकदम सोडलेली माणसं आमच्या वॉर्डात कशी येतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी रजा टाकली, गोळ्यांची एक भरलेली बाटली स्वेटरमध्ये गुंडाळली आणि निघाले.

धुळे

नगर सोडल्यावर मनमाड, मालेगाव मागे पडलं आणि धुळ्यात उतरले तेव्हा दुपार टळली होती. आग्रा रोडवरून ट्रकमागे ट्रक जात होते. स्टँडसमोरच्या खानावळीत शेवभाजी मागवली. आमच्याकडे शेव चहाबरोबर खातात. इथे ती काळ्याजर्द रश्शात बुडवून देतात आणि रस्सा असा की पहिल्याच घासाला मला उचकी लागली. खानावळवाला धावत आला, "अक्का, पानी पिऊ नका, गूय खा, गूय!" मला काही कळेना. शेवटी त्याने गुळाचा खडाच हातावर ठेवला. या बोलीत 'ळ' कुठेच ऐकू येत नाही, त्याचा 'य' होतो, हे तेव्हा उमगलं. कानाला मात्र त्याची सवय लगेच झाली नाही.

शिंदखेड्याच्या गाडीत शेजारी एक म्हातारी बसली होती. कुठे चाललात, कोणाकडे, असं विचारता विचारता तिने मला ओळखलंच.

"तू पास्टरभाऊनी बहीण शे ना माय? तुन्हा भाऊ बरा व्हयना! बठ्ठ्या गोया इहिरमा टाकी दिन्यात."

मी मान हलवली. 'बठ्ठ्या गोया' म्हणजे पोरांच्या गोट्या असाव्यात, असं मला वाटलं. विहिरीत गोट्या टाकायची काहीतरी रीत असेल. 'बठ्ठ्या' म्हणजे सगळ्या आणि 'गोया' म्हणजे गोळ्या, हा उलगडा गाडी नरडाण्याच्या पुढे गेल्यावर झाला. मग मात्र खिडकीबाहेरचं काहीच दिसेनासं झालं. एक-दोन गोळ्या कपाटात उरल्या असतील, अशी माझी समजूत होती. सगळ्या विहिरीत गेल्या होत्या.

शिंदखेड्याजवळचं गाव

फाट्यावर दिनकर सायकल घेऊन उभा होता. वाळला होता, पण चेहऱ्यावर असं तेज की क्षणभर मीच ओशाळले. "बस मागे," म्हणाला. मी म्हटलं, पाय मोकळे करायचेत. गावापर्यंत दोन मैल मी त्याला सायकल हातात धरून चालायला लावलं आणि तो पडला तर कोणत्या बाजूला पडेल याचा अंदाज घेत मी त्या बाजूने चालले.

घर दोन खोल्यांचं, शेजारी पत्र्याचं प्रार्थनाघर. अंगणापासून वीस पावलांवर विहीर, तिला कठडा नाही. दिनकर रोज तिथेच पाणी शेंदायचा. त्याची बायको सुलोचना धुळ्याची. कामसू, हसरी, माझ्याशी पुस्तकी मराठी बोलायची आणि शेजारणीशी वळून झपकन अहिराणीत शिरायची.

पहिल्याच संध्याकाळी प्रार्थना होती. आमच्या नगरच्या मंडळीत कोणी टाळी वाजवली तर पुढच्या बाकावरचे पंच मागे वळून बघतात. इथे बाकच नव्हते. पन्नासेक माणसं सतरंजीवर बसली होती. ढोलकी सुरू झाली, गाणी झाली आणि मग एकदम सगळ्यांनी आपापली प्रार्थना मोठ्याने सुरू केली. कोणी रडतंय, कोणी हसतंय, कोणी कुठल्या भाषेत बोलतंय ते देवालाच ठाऊक. माझ्या अंगावर काटा आला. दवाखान्यात इतक्या जणांनी एकदम आवाज केला तर आम्ही धावत सुटतो. इथे धावायचं कोणाकडे, हे कळेना, म्हणून मी भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

प्रार्थनेनंतर चहा पिताना दिनकरचा उजवा हात एकदम उडाला. पेला सतरंजीवर पडला. कोणी लक्ष दिलं नाही. मी सुलोचनाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती सतरंजी पुसायला वाकली.

"हे कधीपासून?" मी तिला चुलीपाशी गाठलं.

"सकाळी उडतो कधीतरी. पडले मात्र नाहीत, ताई. खरंच नाही पडले." तिचे डोळे भरून आले. "मला रोज वाटतं, आज."

मी दिनकरशी बोलले. समजावलं, चिडले, शेवटी हात जोडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी कोणाला गोळ्या सोडा म्हणून सांगत नाही. मी माझं सांगतो. देवाने दिलेलं मी घेतलंय. आता गोळी घेतली तर मीच त्याला खोटं पाडलं."

"आणि पडलास तर?"

"तू अजून मला वर्गातल्या फरशीवरच बघतेस," तो म्हणाला आणि उठून गेला. मला ते फार लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

दुसऱ्या दिवशी शेतात भरताचा बेत होता. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजली, लाकडी भांड्यात मुसळीने कुटली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वरून तेल. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. पानावर वाढायला मी पुढे झाले. नणंदेने कशाला, म्हणून सुलोचना हात धरायला लागली, तर मी तिला दटावलं. तोवर माझ्या पदराच्या गाठीत अर्धी गोळी कुटून पूड झालेली होती. गोळी कडवट असते. पण त्या मिरचीपुढे कडू-गोड कोणाला कळणार?

दिनकर चाटूनपुसून जेवला. मी चोरी केल्यासारखी बसले होते. आयुष्यात एकाही रोग्याला मी त्याच्या नकळत औषध दिलेलं नाही. हे पहिलंच आणि तेही भावाला, तेही देवाच्या पाठीमागे.

मग रोजचंच झालं. दिवस मावळता मावळता जेवणं व्हायची, वाढायला मीच. दोन दिवसांनी अर्धीची पूर्ण गोळी केली. नव्याने सुरू केली की ही गोळी गुंगी आणते. दिनकर संथ बोलायला लागला, प्रार्थना सांगता सांगता मध्येच डोळे मिटून थांबायचा. मी घाबरले की आता पकडली जाणार. पण बाया एकमेकींना सांगत होत्या, "दखा, देवनी शांती उतरेल शे भाऊवर." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून हात उडायचा थांबला. सकाळी विहिरीवरून बादली घेऊन येताना दिनकरने मला उजवा हात पुढे करून दाखवला. "बघ ताई, हेही गेलं. एवढंच राहिलं होतं, तेही त्याने काढून घेतलं." आणि तिथेच अंगणात गुडघे टेकून तो आभार मानायला लागला. मी शेजारी उभी होते. त्याचं ते आभार मानणं ऐकताना मला जी भीती वाटली तशी विहिरीचीही वाटली नव्हती. आपण कोणाच्या जागी जाऊन बसलो आहोत, हे पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

रावेर

त्याच आठवड्यात रावेरहून बोलावणं आलं. दिनकरच्या बरं होण्याची बातमी तिथवर गेली होती. शिंदखेड्याहून पॅसेंजरने भुसावळ आणि तिथून गाडी बदलून रावेर. आमच्याकडे केळी डझनावर घेतात, इथे केळीची रानं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंधारं वाटावं इतकी दाट बाग, पलीकडे सातपुड्याची निळी रेघ. ठिकठिकाणी हिरवे घड ट्रकमध्ये रचून त्यावर केळीचीच पानं दाबत होते. मला वाटलं होतं, केळ्याच्या गावात निदान केळं तरी पिकलेलं मिळेल. सगळी हिरवीच दिल्लीला जातात, पिकलेलं शोधावं लागतं, असं टांगेवाल्याने हसत सांगितलं.

घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. घरधनी ट्रक भरून घ्यायला मळ्यात गेलेले. बाई कमलबाई, आणि तिची अकरा वर्षांची वंदना. मुलगी गुणी, मोठ्या डोळ्यांची. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. चुलीपाशी फिट आली होती. देव्हाऱ्यात गणपती, देवीचा टाक आणि त्यांच्या शेजारी गोळ्यांची बाटली. मी दुरूनच ओळखली. माझ्या बॅगेत होती तीच गोळी.

दिनकरने मुलीच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात प्रार्थना केली. त्यात कसला आवेश नव्हता, ओरडणं नव्हतं. मुलगी डोळे मिटून इतकी निवांत बसली होती की तिच्या आईने तोंडाला पदर लावला. हे मी पाहिलंय, त्यामुळे सांगते: त्या हाताखाली त्या पोरीला बरं वाटत होतं. माझ्या सगळ्या सुयांखाली असं कधी कुणाला वाटल्याचं मला आठवत नाही.

वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी जेवून झाल्यावर कमलबाईने मला आतल्या खोलीत नेलं.

"मले खरं सांगा बाई. तुमच्या भावाले अशाच फिटा येत होत्या का?"

"हो."

"लहानपणापासून?"

"हो."

"अन् आता एकबी गोळी नाही?"

तिथे सांगायला हवं होतं. दार लावलेलं, आम्ही दोघीच. पण बाहेर दिनकर मुलीला काहीतरी सांगून हसवत होता, ते हसणं आत ऐकू येत होतं. मी म्हटलं, "तो घेत नाही." हे शब्दशः खरं होतं. तो घेत नव्हता, मी देत होते. कमलबाईने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. "मंग आमची वंदनाबी बरी होईन. सभेले आणते मी तिले."

परतताना गाडीत दिनकर खिडकीशी झोपला. मी भुसावळपासून शिंदखेड्यापर्यंत जागी बसून त्याचं तोंड बघत होते. आजवर एकाच्या जिवाची काळजी होती. आता दोघांची झाली.

सभा

सभा तीन दिवसांची, दुपारी दोन ते दिवस मावळेपर्यंत. कपाशी निघालेल्या शेतात मांडव घातला होता. धुळ्याकडून, साक्रीकडून, डोंगराकडच्या पाड्यांवरून माणसं आली होती, भाकरी बांधून. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. पुढे टेबलापाशी एक मातीची घागर ठेवलेली. ज्याला जे सोडायचं ते त्याने घागरीत टाकायचं. बिड्यांची बंडलं पडत होती, तंबाखूच्या पुड्या, गंडे-दोरे. घागर दिनकर येण्याआधीपासूनची. पण या वर्षी तिच्यात औषधाच्या दोन-तीन बाटल्याही होत्या. दिनकरने गोळ्या टाकल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने टाका म्हणायची गरजच पडली नव्हती.

तिथली आणखी एक रीत मी पहिल्यांदाच पाहिली. देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोकांसमोर उभं राहून सांगायचं, ती साक्ष. साक्ष घरच्या बोलीत द्यायची, असा दिनकरचाच नियम. पाहुणा कोणी पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत बोलला तर दिनकर शेजारी उभा राहून त्याचं अहिराणी करायचा आणि करताना 'मी' म्हणूनच करायचा. नाशिकची एक बाई तिच्या बाळंतपणाची साक्ष देत होती, तेव्हा हा दाढीवाला बाप्या शेजारी उभा राहून "माले पोट दुखाले लागनं" म्हणत होता. मांडव हसून लोटपोट झाला.

दुसऱ्या दिवशी सगळे एकदम प्रार्थना करत होते. माझ्या शेजारच्या म्हातारीने, तीच बसमधली, तिचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तिला माझं काही ठाऊक नव्हतं. मी हात जोडून बसले होते. अचानक भोवतालचा कल्लोळ दूर गेल्यासारखा झाला आणि कोणीतरी अगदी जवळ आहे असं वाटलं. हे मला याहून नीट सांगता येत नाही. मी लहानपणापासून चर्चमध्ये जाते, पण देव खोलीत आहे असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. लोक सांगतात की तेव्हा शांती वाटते, आनंद होतो. माझे दात वाजत होते. कारण तो इथे असेल तर माझ्या पदराची गाठही त्याला दिसत असणार. मी गाठ मुठीत घट्ट धरली आणि रडायला लागले. म्हातारी म्हणाली, "रड माय, रड." तिला वाटलं मी बरी होतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळीच दिनकरला सांगून टाकायचं ठरवलं. दोनदा त्याच्यापाशी गेले. एकदा तो माणसांत होता, एकदा एकटा होता. एकटा होता तेव्हा मीच परत फिरले.

दुपारी कमलबाई वंदनाला घेऊन आली. घरून न सांगता आली होती. पहिल्या रांगेत बसली. तिच्या हातात ती बाटली होती. मांडव भरला होता, गाणी झाली आणि दिनकर स्वतःची साक्ष द्यायला उभा राहिला. मास्तर असताना पडला ते सांगितलं, नोकरी गेली ते सांगितलं. "आते माले फिट येस नही," तो म्हणाला आणि उजवा हात वर केला. "हात बी उडस नही." मांडव हल्लेलुयाने दणाणला. कमलबाई उठली. वंदनाला हाताशी धरून घागरीकडे निघाली.

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. "मला साक्ष द्यायची आहे," मी ओरडलेच. दिनकरचा चेहरा उजळला. नगरची ताई, भिंतीला पाठ लावून बसणारी, ती साक्ष देणार! त्याने हात देऊन मला पुढे घेतलं, कमलबाईला थांबायची खूण केली आणि नेहमीसारखा माझ्या शेजारी उभा राहिला.

मी म्हटलं, "मी याची बहीण. नर्स आहे."

"मी ह्यानी बहीण. नर्स शे." तो म्हणाला. लोक हसले.

"मी इथे आल्यापासून रोज माझ्या भावाच्या जेवणात गोळी घातली."

तो बोलायला लागला, "मी आठे उनी..." आणि थांबला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला बघवलं नसतं. पुढे सांगत सुटले, कारण थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "त्याला न सांगता घातली. भरतात घातली. हात थांबला तो गोळीनंतर थांबला. देव त्याला बरं करत नाहीये असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही. पण ही पोर माझ्या भावाकडे बघून गोळ्या टाकत असेल तर टाकू नका. चुलीत पडेल, विहिरीत पडेल. प्रार्थना करा. गोळ्या सोडू नका."

जवळच्या बऱ्याच जणांना माझं मराठी समजलं होतं. कमलबाईलाही समजलं असणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती दिनकरच्या तोंडाकडे बघत होती. मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय म्हनस अक्का? सांग ना भाऊ."

दिनकरने दुसरं काही सांगितलं असतं तर पाड्यांवरच्या माणसांना ते कळलंही नसतं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. हा आता इथेच पडणार, असं मला वाटलं आणि माझा हात आपोआप त्याच्या पाठीमागे गेला. तो पडला नाही.

"मी आठे उनी," तो पहिल्यापासून म्हणाला, "तवयपाईन रोज मन्हा भाऊना जेवणमा गोयी टाकी. त्याले न सांगता टाकी."

त्याने एकही वाक्य गाळलं नाही. भरीत, हात, चूल, विहीर, सगळं सांगितलं, माझ्या जागी उभं राहून, बाईच्या तोंडचं 'उनी' आणि 'मन्हा भाऊ' म्हणत. या खेपेला कोणी हसलं नाही. शेवटचं तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा थेट कमलबाईकडे बघून, "प्रार्थना करा. गोया सोडू नका."

कमलबाईने बाटली पोलक्यात खोचली. मग दिनकर खाली गेला, वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना करायला लागला. हळूहळू एकेक आवाज उठला. मी तिथेच उभी होते, माझ्याकडे कोणी आलं नाही. त्या सुरात मला कालच्यासारखं काही वाटलं का, असं सुलोचनाने नंतर विचारलं. वाटलं. भीतीही तेवढीच वाटली.

पुन्हा धुळे

दुसऱ्या दिवशी दिनकर मला धुळ्यापर्यंत सोडायला आला. गावातल्या दोन-चार घरांनी सकाळी त्याला चहाला बोलावलं नव्हतं, एरवी बोलावतात. बसमधली म्हातारी मात्र फाट्यावर आली, माझ्या हातात शेंगांची पुडी दिली आणि माघारी गेली.

स्टँडवर नगरची गाडी लागली होती. मी आत बसले. तो खिडकीखाली उभा राहिला आणि हात वर करून म्हणाला, "दे."

मी बॅगेतून बाटली काढून दिली. त्याने तिथेच एक गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली आणि बाटली सदऱ्याच्या खिशात ठेवली. मला रडू फुटलं. "माफ कर," म्हटलं.

"एक विचारू, ताई?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तू यायच्या आधी दोन महिने मी काहीच घेत नव्हतो. सायकल चालवली, विहिरीवर पाणी शेंदलं, तापी ओलांडून सभांना गेलो. पडलो नाही. तेव्हा माझ्या जेवणात कोणी काय घातलं होतं?"

याचं उत्तर नर्सला येतं. काहीजण असे दोन महिने काढतात, काहीजण सहाही काढतात आणि मग एक दिवस पडतात. ते उत्तर माझ्या ओठांवर आलंही होतं. पण तो मला हरवायला विचारत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं आणि विचारायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली.

मालेगाव गेलं, मनमाड गेलं, मी प्रार्थना करत होते, आमच्या मंडळीतल्यासारखी, ओठ न हलवता. दिनकरला पुन्हा कधी फिट येऊ नये, एवढं मागितलं. आणि आली नाहीच, तर ती गोळीने थांबली की तू थांबवलीस, हे मला कधी कळू देऊ नकोस, असंही मागितलं.